आधी दिवसा वीज, मग बंदूक

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या पट्ट्यात बिबट्याने माणूस मारला की दोन मागण्या लगेच पुढे येतात. बिबट्याला गोळ्या घाला आणि शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्या. यामागचा संताप खरा आहे. २०२० साली दारणा नदीकाठच्या गावांनी लहान मुलं आणि म्हातारी माणसं गमावली. त्या घरांना संयमाचा उपदेश करायचा अधिकार कुणालाच नाही. पण परवान्याच्या मागणीची उलटतपासणी व्हायलाच हवी. चुकीचं हत्यार हाती आलं की माणूस निर्धास्त होतो, आणि रात्रीच्या उसात निर्धास्त होणं जिवावर बेततं.

परवाना मिळाला असं धरून चालू. बंदूक कोणती घ्याल?

१९५९च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी नाव घेतलं आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. एक बार काढला की पुन्हा दारू भरा, गज मारा, मग दुसरा बार. बिबट्या तेवढी उसंत देत नाही. स्वसंरक्षणासाठी त्याच कायद्यात गुळगुळीत नळीची बंदूक आहे, नळी किमान वीस इंच. गावात तिला बारा बोअर म्हणतात. मग काडतूस कोणतं? पाखरांवर झाडायच्या बारीक छर्ऱ्यांनी बिबट्या मरत नाही, जखमी होतो. जखमी बिबट्या उसात शिरला की त्या शिवारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागतो. मोठे छर्रे जवळून जीव घेतात, पण पाचटामागे काय हललं, बिबट्या की पाणी भरणारा सालदार, हे अंधारात ओळखणार कोण? रायफलची गोळी किलोमीटरच्याही पुढे जाते आणि निफाडच्या शिवारात तेवढ्या अंतरात कुणाची ना कुणाची वस्ती असतेच.

आता हल्ला कसा होतो ते बघा. बिबट्या दबा धरून, बहुतेकदा मागून येतो. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला सोपं सावज वाटतं. पाणी भरणाऱ्याच्या एका हातात फावडं असतं, दुसऱ्यात बॅटरी. बंदूक बांधावर ठेवलेली किंवा घरी कपाटात. खांद्याला लावून नेम धरेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

शिवाय बंदूक घरात येते ती फक्त बिबट्यासाठी राहत नाही. बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून भाऊबंदकी पेटते तेव्हा आज हाताला काठी लागते. उद्या तिथे भरलेली बारा बोअर असेल. कर्जाने खचलेल्या माणसाच्या घरात ती असेल. पोरं खेळतात त्या खोलीत ती असेल. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्याआधी प्रशिक्षण सक्तीचं केलं आहे, ते याच भीतीने. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची नोटीसही येऊ शकते. म्हणजे ऐन ऊसतोडीच्या हंगामात निवडणूक आली, तर ती पोलिसांच्या ताब्यात असेल.

सगळ्यात मोठा प्रश्न, बंदूक मिळणार कुणाला? परवान्याचा खर्च आणि खेटे ज्याला झेपतात त्यालाच. बिबट्या मात्र अंगणात खेळणाऱ्या पोरांना गाठतो, तिन्हीसांजेला घराबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना गाठतो. ऊसतोडणी कामगारांच्या कोपीला दार म्हणून फडकं असतं. त्या कोपीत बंदुकीचा परवाना कधी पोहोचणार आहे? बागायतदाराच्या कपाटातली बंदूक कोपीतल्या पोराला वाचवू शकत नाही.

अमेरिकेत संकटाच्या तयारीच्या याद्यांत बंदूक आणि गोळ्या वरच्या ओळींत लिहिणारे पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्याची यादी वेगळी आहे, आणि तिची पहिली ओळ महावितरणच्या दारात सुरू होते. जिथे कृषिपंपाला वीज रात्री मिळते, तिथे शेतकरी रात्री उसात उतरतो. माणसाला बिबट्याच्या वेळेत आणि बिबट्याच्या जागेत आपणच ढकललं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. वचन एकच, शेतीला दिवसा वीज. ज्या फीडरवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथल्या शेतकऱ्याला हे वचन पाळलं गेलेलं नाही. बिबट्याच्या पट्ट्यातले फीडर आधी दिवसावर आणायला नेमकी काय अडचण आहे, हे ऊर्जा खात्याने सांगावं.

यादीची बाकीची कलमं स्वस्त आहेत. वरून आणि चारी बाजूंनी जाळी लावलेला बंद गोठा. दारात दिवा. घरात संडास, म्हणजे अंधारात बाहेर बसायची वेळ येणार नाही. साखर कारखान्यांनी कोप्यांच्या तळावर उजेड आणि कुंपण द्यावं. ज्यांच्या घामावर गाळप चालतं, त्यांच्या पोरांसाठी एवढं तरी. उसात बछडे दिसले तर हात लावू नका, पोरांना दूर न्या आणि वनखात्याचा १९२६ फिरवा. मादी जवळच असते.

आणि गर्दी करू नका. जानेवारी २०१९मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली आणि बातमीदारही जखमी झाले. बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं तरी औषध चढायला काही मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं रस्ता मोकळा ठेवणं हे नागरिकाचं काम आहे. बंदूक चालवायची वेळ आलीच, तर ती शिकलेल्या हातांत आणि वनखात्याच्या आदेशाने चालावी. जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारलं गेलं तर १९७२चा वन्यजीव कायदा त्याला गुन्हा मानत नाही, हेही प्रत्येक गावाला माहीत असू द्या.

पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा. पहिलं कलम दिवसा वीज, दुसरं बंद गोठा आणि दिवे, तिसरं तालुक्याला सुसज्ज बचाव पथक. ठरावाची प्रत आमदारांच्या हातात द्या आणि उत्तर लेखी मागा. बंदुकीचा अर्ज त्यानंतर भरा.