टँकरच्या गावचे खलाशी

भूमध्य समुद्रातल्या बेटांवर सुट्टीला जायचं आणि तिथे आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घ्यायची, असा बेत कोणी जाहीर केला की जाणकार मंडळी एक सल्ला हमखास देतात: बरोबर एखादा मालवणचा, अलिबागचा, गेला बाजार वसईचा माणूस घ्या, समुद्राची सवय असलेला बरा. सल्ला मनापासूनचा असतो, पण चुकीच्या पुराव्यावर उभा असतो. अशा सहलीला बरोबर न्यायचा तो अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचा माणूस. नगरहून निघून करंजीचा घाट ओलांडला की हे बाजाराचं गाव लागतं. जवळच मढीचे कानिफनाथ, डोंगरात वृद्धेश्वर, आणि समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सव्वादोनशे किलोमीटरच्या पलीकडे. गावात ट्रॅक्टर, जेसीबी, मांडव, खुर्च्या, लग्नाची भांडी, वाजंत्री, सगळं भाड्याने मिळतं. बोट तेवढी मिळत नाही, कारण ती ठेवायची कशात हा प्रश्न आहे. तरीही तिसगावचाच माणूस का, हे भावनेने नव्हे, हिशोबाने सांगता येतं.

बोटीच्या जाहिरातीत बाहेरचं निळं पाणी दिसतं, पण सहलीचं भवितव्य ठरतं आतल्या टाकीतल्या पाण्यावर. चाळीस-पंचेचाळीस फुटी शिडाच्या बोटीत साधारण आठ माणसं झोपतात आणि गोड्या पाण्याची टाकी तीनशे ते सहाशे लिटरची असते. मधला आकडा म्हणून ४८० लिटर धरू. शहरी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे आठ जणांना १०८० लिटर. बोट बहुधा शनिवारी संध्याकाळी पाचला ताब्यात देतात. निकषाबरहुकूम पाणी वापरणारे आठ पुणेकर तेव्हा चढले, तर रविवारी पहाटे पावणेचारच्या सुमाराला टाकी कोरडी होईल, आणि त्यांच्यापैकी अजून कोणी बेट पाहिलेलं नसेल. आता हीच टाकी दर तीन दिवसांनी भरता येते असं धरा आणि भागाकार करा. माणशी दिवसाला बरोबर २० लिटर येतात. टंचाईच्या काळात टँकरने पाणी देताना ग्रामीण भागासाठी जो सरकारी निकष लावतात, तो हाच. लाखो रुपये मोजून युरोपात जी अवस्था विकत मिळते, ती तिसगावच्या परिसराने मार्च ते जून सरकारी खर्चाने अनुभवलेली आहे.

हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही, कारण आठवड्याच्या सुखशांतीचा मुक्काम त्या वीस लिटरांतच असतो. बोट ताब्यात देताना कंपनीचा माणूस युरोपीय गिऱ्हाइकांना तासभर समजावतो: नळ सोडून दात घासू नका, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने धुऊन मग गोड्या पाण्यातून काढा, अंघोळ समुद्रात करा आणि वरून जेमतेम मीठ जाईल एवढंच पाणी घ्या. गिऱ्हाइकं गंभीर चेहऱ्याने माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी केस धुतात. तिसगावच्या बाईला यातलं काय शिकवणार? एका बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात पायपुसणं, उरलेलं अंगणातल्या झाडाला, ही साखळी तिच्या हातात बसलेली आहे. टाकीत किती उरलंय हे ती बाहेरून टिचकी मारून सांगेल. बोटीवर त्यासाठी काटा असतो, पण तो फारसा विश्वासाचा नसतो. बोटीच्या संडासाचा नियमही असाच. नळी अरुंद, त्यामुळे पोटातून न आलेली कोणतीही वस्तू, विशेषतः कागद, आत टाकायची नाही. कागदाशिवाय कसं भागवायचं या विवंचनेत सगळा पश्चिम युरोप पडतो. आपल्याला ती विवंचना समजावून घ्यायलाच वेळ लागेल.

कोणी म्हणेल, बोटीवर असेल टंचाई, बेटावर उतरलं की आबादीआबाद. पुरावा उलटा आहे. एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस या ग्रीक बेटांवर वर्षाला साधारण चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक हिवाळ्यात. तिसगावच्या बाजूला सरासरी पाच-सहाशे मिलिमीटर पडतो. म्हणजे कागदावर तरी दुष्काळी ते आहेत, आपण नाही. तिथल्या अनेक लहान बेटांना कित्येक दशकं जहाजाने पाणी पोचवलं गेलं. आता पुष्कळ ठिकाणी समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प उभे राहिले आहेत, पण धक्क्यावरच्या नळाचं पाणी अनेकदा विकतच घ्यावं लागतं, आणि ते कधी सुटेल हे नळवाल्याच्या सोयीवर असतं. या वाक्यातला ‘धक्का’ काढून ‘पाण्याची टाकी’ घातली तर ते पाथर्डी तालुक्यातल्या कोणत्याही ग्रामसभेत टाळ्या घेईल. त्यात जुलै-ऑगस्टात, आकाशातून थेंब पडत नसताना, पर्यटकांची गर्दी उसळते. चारा छावणीच्या मोसमात जत्रा भरवावी तसा हा प्रकार.

दुसरा पुरावा करारनाम्याचा. परदेशात बोट भाड्याने घेणं म्हटलं की आपला माणूस बिचकतो, पण अटी एकेक करून वाचल्या की ओळखीच्या वाटू लागतात. भाडं आठवड्याचं आणि ठरलेलं, डिझेल गिऱ्हाइकाचं. बंदराचं शुल्क वेगळं. साफसफाईचे पैसे वेगळे. चालवणारा हवा असेल तर त्याचा रोज वेगळा, शिवाय त्याच्या जेवणाची सोय आपण करायची. गाडी घेतली तेव्हा जेवढं डिझेल होतं तेवढं भरून परत करायची. चुकून ‘गाडी’ म्हटलं गेलं, पण काही बिघडत नाही. तुळजापूर-अक्कलकोटला जायला क्रूझर ठरवणाऱ्या कुटुंबाचा हा सगळा पाठ पक्का असतो. निघण्याआधी गाडीभोवती फिरून जुने ओरखडे मालकाला दाखवून ठेवायचे, हा रिवाजही त्यात आला. बोटीच्या व्यवहारात या रिवाजाला फार मोल आहे, कारण दोन-तीन हजार युरोंची अनामत अडकलेली असते आणि परत देताना जुना ओरखडा नवा ठरू शकतो. मोठ्या शहरातला पर्यटक तेव्हा सूर्यास्ताचा फोटो काढत असतो. तिसगावकर बुडाशी वाकून ओरखडे मोजत असेल.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप पोहण्याचा: ज्याच्या गावात पाणी नाही त्याला पोहता कुठून येणार? हा आक्षेप घेणाऱ्याने विहीर पाहिलेली नसावी. दुष्काळी भागात पाणी रुंदीला कमी आणि खोलीला जास्त असतं. पोरं पाठीला डबा किंवा भोपळा बांधून त्यातच शिकतात, आणि तिथे उथळ बाजू नावाची सवलत नसते. भूमध्य समुद्राची सरासरी खोली दीड हजार मीटर आहे, पण डोक्यावरून पाणी गेल्यावर पुढच्या मीटरांनी काही फरक पडत नाही. उलट त्या समुद्राचं पाणी महासागरापेक्षा खारट, लिटरला साधारण ३८ ग्रॅम मीठ, त्यामुळे माणूस अधिक सहज तरंगतो. आणि कोकणच्या माणसाची जी खास विद्या, भरती-ओहोटीचं गणित, ती तिथे जवळपास निरुपयोगी. मुंबईला पाणी चार-पाच मीटरनी चढतं-उतरतं, ग्रीक बेटांजवळ ते बहुधा वीतभर हलतं. शेजारच्या पैठणच्या जायकवाडीची पातळी वर्षभरात जेवढी खालीवर होते, तेवढी त्या समुद्राची कधी होत नाही. तेव्हा धरण पाहिलेला माणूस तिथे जास्त सावध राहील.

दुसरा आक्षेप इतिहासाचा: देशावरच्या माणसाला दर्यावर्दी परंपरा कुठली? तिसगावातून जो राष्ट्रीय महामार्ग जातो तो कल्याणवरून येऊन निर्मलकडे जातो. यातलं कल्याण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बंदर म्हणून येतं. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाणारी ती मार्गदर्शिका पैठणचाही उल्लेख करते आणि तिथला माल वीस दिवसांच्या वाटेने भडोचला येतो असं सांगते. तो माल पुढे लाल समुद्रातून इजिप्तला आणि तिथून भूमध्याकाठी जाई. म्हणजे ग्रीक इकडे जहाजांनी येऊन गेले, परतीची भेट दोन हजार वर्षं थकली आहे. पुढे निजामशाहीत तर चौलच्या बंदरावर नगरची सत्ता होती. हे खरं की १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीजांना वेढा घातला आणि तो फसला, आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा किल्लाही पोर्तुगीजांनी घेतला. पण हा पराभव युद्धातला होता. भाड्याने घेतलेल्या बोटीवरून कोणी किल्ला जिंकायची अपेक्षा करत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे: वारा. उन्हाळ्यात एजियनवर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. आभाळ स्वच्छ, ऊन लख्ख, आणि बोट मात्र आडवी. हा वारा दिवसचे दिवस टिकतो आणि बोफर्ट मापावर सहा-सातपर्यंत सहज जातो. शिवाय तिथल्या बंदरात बोट लावायची म्हणजे पुढे नांगर टाकून मागे मागे धक्क्याला यायचं, नेमकं सगळे लोक धक्क्यावर ग्लास घेऊन बसलेले असताना. एकाची साखळी दुसऱ्याच्या नांगरात अडकणं हा तिथला रोजचा करमणुकीचा कार्यक्रम. तिसगावच्या बाजारात टेम्पो मागे घेणाऱ्याला हे जमेल असं म्हणायचा मोह होतो, पण टेम्पोला ब्रेक असतो. त्यात ग्रीसमध्ये चालकाशिवाय शिडाची बोट घ्यायची तर एकाकडे रीतसर परवाना लागतो आणि जोडीला दुसरा जाणता हात लागतो. परवान्याशिवाय मिळते ती ३० अश्वशक्तीपर्यंतची छोटी मोटरबोट, तीही दिवसाउजेडी किनाऱ्याच्या कडेकडेने हिंडायला. म्हणून सरळ ग्रीक चालक घ्यावा, आणि महिना जून किंवा सप्टेंबर निवडावा. वारा त्याच्याकडे, पाणी आपल्याकडे, अशी कामाची वाटणी केली तर आठवडा निभावेल.

उरतो शेवटचा आणि सगळ्यात टोकदार आक्षेप. तिथे खडक, शेळ्या, फड्या निवडुंग, टेकडीवर देव आणि पाण्याची बोंब, तर मग घरीच का थांबू नये? खरंच, सांतोरिनीत जुन्या बंदरावरून वर गावात जायला जवळजवळ सहाशे पायऱ्या आणि त्यावर गाढवांची सेवा आहे. रंगपंचमीच्या सुमाराला मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार पाहिलेल्याला त्यात नवल कसलं? नवल असेल तर २०१८ च्या ग्रीक नियमाचं: गाढवावर शंभर किलोंहून किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं घालायचं नाही. जहाजातून उतरलेल्या पर्यटकांपैकी किती जण या नियमात बसतात हा वेगळा विषय. जेवायला ‘फावा’ मागवावा, तर आपल्या लाखेच्या चुलत बहिणीचं घट्ट वरण येतं, वर कांदा आणि ऑलिव्हचं तेल, आणि बिल युरोत. पण जाण्याचं कारण नेमकं इथेच आहे. आपल्याकडे ज्या गोष्टी असल्याबद्दल तालुका मागास ठरतो, त्याच तिथे असल्याबद्दल जग रांग लावून पैसे देतं, हे डोळ्यांनी पाहणं तिसगावकराच्या हिताचं आहे. गावी परतल्यावर तो मंत्र्यांच्या दौऱ्यात टंचाईचं निवेदन देईलच, पण दर वाढवून देईल.

एवढं सिद्ध झाल्यावर एकच सावधगिरीची सूचना. शेवटच्या शनिवारी बोट परत करताना कंपनी डिझेल भरलेलं आहे का ते पाहते, ओरखडे पाहते, ताटल्या आणि चादरी मोजते. पाण्याची टाकी मात्र कोणी उघडून पाहत नाही. तिसगावच्या मंडळींनी आठ दिवस काटकसर करून पाऊण टाकी शिल्लक ठेवलेली असणार आणि त्या ३६० लिटरांबद्दल अनामतीत एक युरोही वाढवून मिळणार नाही. या मुद्द्यावर भांडायचंच असेल तर परतीच्या विमानाला तीन तास तरी हातात ठेवावेत.