पाठमोरा पाठ

मोर, बोर, पोर. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता, हे तीन शब्द नुसत्या ओठांनी म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ तसेच मिटतात, तसेच गोल होतात. चौथं भोर घेतलंत तरी आरशात काही बदलत नाही. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं, हे व्याकरणात मी कधीच पाठ केलं होतं. त्याचा अर्थ बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी कळला, तोही एका मुलीला श्रुतलेखनात दहापैकी तीन गुण देऊन झाल्यावर.

ती पाचवीत आहे. दोन्ही कानांना कर्णयंत्रं. आंतरवासितेच्या पहिल्याच आठवड्यात मी बाकांमधून फिरत शब्द सांगत होते, कारण शिक्षक फिरता असला की वर्गावर लक्ष राहतं असं आम्हाला शिकवलंय. मी मोर म्हटलं, तिनं पोर लिहिलं. मी माठ म्हटलं, तिनं पाठ लिहिलं. मी लाल पेनानं फुल्या मारल्या. शेजारच्या मुली हसल्या, तेव्हा मी त्यांना गप्प केलं, पण फुल्या तशाच ठेवल्या. त्या दिवशी माझ्या पाठाच्या निरीक्षणात शेरा मिळाला: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य. तो मी घरी आनंदानं दाखवला.

पुढच्या आठवड्यात फिरत्या विशेष शिक्षिका आल्या. त्यांच्याकडे कितीतरी शाळा, आमच्या वाट्याला जेमतेम एक तास. वही चाळून त्यांनी विचारलं, "शब्द सांगताना तुम्ही कुठे उभ्या होता?"

मग त्या सांगत गेल्या. ही मुलगी निम्मं कानांनी ऐकते, निम्मं ओठांवरून वाचते. चष्मा लावला की स्पष्ट दिसतं, तसं यंत्र लावलं की स्पष्ट ऐकू येत नाही. आवाज मोठा होतो, आणि माझ्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, बाकांची करकर, व्हरांड्यातली पळापळही मोठी होते. मी चार पावलं लांब गेले की माझे शब्द त्या गलक्यात विरतात. फळ्याकडे तोंड करून बोलले की तिच्यासाठी वाक्य अर्ध्यात तुटतं. खिडकीकडे पाठ करून उभी राहिले की मागच्या उजेडानं माझा चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसेनासे होतात. यंत्रातला बटणासारखा सेल संपला तर उरलेलं निम्मंही गेलं. तेव्हा सकाळी हजेरी घेतानाच तिला विचारायचं, आज ऐकू येतंय ना?

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. बी.एड.च्या अभ्यासक्रमात समावेशक शाळेसाठी अर्धा पेपर आहे. त्यासाठी मी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार घोकले, १९९५च्या कायद्यात ते सातच होते हे लिहिलं, १९९४च्या सालामांका घोषणेवर टीप लिहिली. गुण चांगले पडले. वर्गात कुठे उभं राहायचं, हे त्या अर्ध्या पेपरात कुठेही नव्हतं. ते ज्यांना माहीत आहे त्यांना आम्ही तासाच्या हिशेबानं शाळेत बोलावतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना दर पंधरांमागे एक. मार्च २०२५मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की आधी पदं तरी मंजूर करा. या मधल्या वर्षांत आमच्या वर्गातली ही मुलगी पहिलीतून पाचवीत आली.

शिक्षकखोलीत एकांनी विचारलंच, "हिला मूकबधिर शाळेत का नाही घातलं?" पहिली गोष्ट, ती बोलते. भरपूर बोलते. दुसरी, विशेष शाळांबद्दल माझ्या मनात आकस अजिबात नाही. सांकेतिक भाषा ही परिपूर्ण भाषा आहे. ज्या मुलाची वाट तिथून जाते त्याला ती लहानपणापासून मिळालीच पाहिजे. पण तिच्या गावाजवळची तशी शाळा निवासी आहे आणि तिच्या आईला सहा वर्षांची पोर लांब ठेवायची नव्हती. २०१६च्या कायद्याच्या ३१व्या कलमानं ही निवड त्या मायलेकींच्या हातात दिलीय: जवळची शाळा किंवा विशेष शाळा. त्यांनी निवड केली. आता त्या निवडीसाठी तिनंच रोज किंमत का मोजायची?

कोसबादला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे गुरांमागे जाणारी आदिवासी मुलं होती. मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली, आणि तिचं नाव कुरणशाळा झालं. मला तर तीन पावलं सरकायचं होतं.

सरकले. ती आता दुसऱ्या बाकावर बसते, खिडकी तिच्या पाठीशी, उजेड माझ्या तोंडावर. आधी फळ्यावर लिहिते, मग वळते, मग बोलते. श्रुतलेखनाला सुटे शब्द देणं सोडलं, पूर्ण वाक्य देते, म्हणजे पिसारा मोराचाच असतो. चुका संपल्या नाहीत, परवाही तिनं दोन शब्द चुकवले. पण आता ती हात वर करून म्हणते, "बाई, परत सांगा."

आमच्या पाठटाचणात छापील रकाने असतात: अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, फलकलेखन. शेवटच्या पाठाला मी पट्टीनं आणखी एक आखला आणि त्यात लिहिलं, कुठे उभी राहणार, कधी वळणार. मार्गदर्शक मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. "हा रकाना नमुन्यात नाहीये."

मी म्हटलं, "मॅडम, ती वर्गात आहे."