दोनशे रुपये साठ पैसे कोणी भरायचे?

सदर मार्गदर्शिका घरातलं जुनं सामान विकणाऱ्या, ते विकत घेणाऱ्या आणि या दोघांच्या मध्ये हातात फोन धरून नाइलाजाने उभ्या राहणाऱ्या सर्व नागरिकांसाठी आहे. तिसऱ्या प्रकारात मी मोडतो. आमची कोथरूडची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा नानांच्या पंचेचाळीस वर्षांच्या संसारातलं बरंचसं सामान विकायची जबाबदारी माझ्यावर आली. नाना माझे वडील. चौतीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसलेले. त्यामुळे या मार्गदर्शिकेत जे शहाणपण आहे ते त्यांचं, आणि जो वैताग आहे तो माझा.

कलम १. व्याख्या

‘जुनं सामान’ म्हणजे जे आईला टाकवत नाही आणि सुनेला ठेववत नाही ते. ‘किंमत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विकणाऱ्याच्या लेखी किंमत म्हणजे हातात पडतात ते पैसे. घेणाऱ्याच्या लेखी किंमत म्हणजे खिशातून जातात ते. या दोन आकड्यांच्या फटीत कोणीतरी बसलेलं असतं. ते जे घेतं त्याला फी, चार्ज, कमिशन, कन्व्हीनियन्स काहीही म्हणा. कोणाची सोय, हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

कलम २. वाद मुळात होऊच नये म्हणून

आपल्याकडे हा वाद व्हायचं खरं तर कारण नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घेतला जाणारा एमडीआर, म्हणजे व्यवहारशुल्क, शून्य आहे. माणसाने माणसाला यूपीआय केलं तर कोणाचे काही कापले जात नाहीत. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी करायलाही पैसे पडत नाहीत. आयएमपीएसला काही बँका थोडंफार लावतात, तेवढं आधी पाहून घ्यावं.

फुकट म्हणजे फुकट नाही, हे नानांचं पालुपद. ते खरंही आहे. बँकांचा खर्च होतोच, आणि छोट्या दुकानदारांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या भरण्यांवर सरकारने २०२४-२५ सालासाठी बँकांना ०.१५ टक्के प्रोत्साहन देऊ केलं होतं. असे पैसे सरकार आपल्या करातूनच देतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मी दहा रुपये स्कॅन करतो, त्याच्या फीत माझाही एक कण आहे. नानांना हे सांगितल्यापासून ते टपरीवर रोखीने देतात.

२०२३ च्या मार्चअखेरीला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘यूपीआयवर १.१ टक्का कर लागणार’ म्हणून रात्री अकरा वाजता बोंब उठली होती. ती आकारणी वॉलेटमधून दुकानदाराला २,००० च्या वर पैसे गेले तरची, आणि तीही बँका-कंपन्यांची आपसातली देवघेव होती. ग्राहकाच्या खिशाला हात नव्हता. सेक्रेटरींनी तरी दुसऱ्या दिवशी मेंटेनन्स चेकने मागितला. असो.

कलम ३.

हे कलम नानांनी काढायला लावलं. त्यात घेणाऱ्यांच्या पिढीबद्दल काही मतं होती. मतं त्यांचीच होती, पण छापायला नकोत म्हणाले.

कलम ४. कपाटाचं प्रकरण

तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई-नानांच्या खोलीतलं लोखंडी कपाट, आरशाचं, आत लॉकर, मेंदी कलर. किंमत ८,५००. ‘एकच भाव’ असं मी लिहिलं होतं. त्यावर पहिल्या तासात अकरा जणांनी ‘लास्ट किती?’ विचारलं. बारावा खराडीचा एक मुलगा. नवीन लग्न, नवीन फ्लॅट, बोलायला गोड. तो म्हणाला, ‘काका, भाव मान्य आहे, रविवारी टेम्पो घेऊनच येतो.’ एवढ्यावरूनच मला संशय यायला हवा होता.

आला. कपाट पाहिलं, दार उघडून बंद केलं, आरशात केस नीट केले. दोन हमालांनी कपाट जिन्यातून वळवत वळवत खाली नेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीचा पोपडा निघाला, तो आता कोण मोजतो. कपाट टेम्पोत चढलं आणि मग मुलाने फोन काढला.

‘काका, एक छोटा प्रॉब्लेम आहे.’

त्याने आदल्या रात्री नवा फोन घेतला होता. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले चोवीस तास ५,००० च्या वर जात नाही. नियम चांगला आहे. तुमचं सिम कोणी लंपास केलं तर निदान खातं एका दिवसात धुऊन निघत नाही. पण टेम्पो खाली उभा असताना त्या चांगुलपणाचा काही उपयोग नव्हता.

नाना गॅलरीतून म्हणाले, ‘पाच हजार आत्ता दे. कपाटाचा वरचा खण आणि आरसा घेऊन जा. उरलेलं उद्या.’

मुलाकडे तोडगा होता. क्रेडिट कार्ड. एका ॲपवर कार्डाने घरभाडं भरता येत असे. त्याने मला घरमालक म्हणून नोंदवायचं, भाडं ८,५००, पैसे माझ्या खात्यात. त्याला वर पॉइंट मिळणार होते. हे २०२४ मधलं. २०२५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले आणि बऱ्याच ॲप्सनी हे भाड्याचं दुकान बंद केलं. माझ्यासारखे कपाटमालक त्याला कारणीभूत असावेत.

फी दोन टक्के, म्हणजे १७० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, ३० रुपये ६० पैसे. एकूण २०० रुपये ६० पैसे.

‘निम्मे निम्मे करू या ना काका,’ मुलगा म्हणाला.

निम्मे म्हणजे १०० रुपये ३० पैसे. मी हो म्हणणारच होतो. ऊन होतं, हमाल बसून बिडी पेटवत होते, टेम्पोवाला दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. पण एव्हाना नाना काठी टेकत खाली आले होते. एक्याऐंशीव्या वर्षी, तीन जिने, शंभर रुपयांसाठी.

‘पॉइंट कोणाला मिळणार?’ नानांनी विचारलं.

‘मला, आजोबा.’

‘मग निम्मे पॉइंट आम्हाला दे.’

या मागणीला कोणत्याही ॲपमध्ये उत्तर नाही. आणि खरं सांगतो, आजवर या विषयावर मी ऐकलेलं सगळ्यात रास्त बोलणं तेच आहे. रोख, यूपीआय, एनईएफटी हे फुकटचे रस्ते समोर असताना जो पैशाचा रस्ता निवडतो, भाडं त्याचं. बसने जायचं सोडून रिक्षा केली की आपण बसवाल्याकडे निम्मे मागत नाही. उलट विकणाराच अडून बसला, ‘मला कार्डानेच हवेत, रोख नको’ म्हणाला, तर फी विकणाऱ्याची. आणि दोघांनाही दुसरा रस्ताच नसेल तरच निम्मे. मात्र हे सगळं कपाट तिसऱ्या मजल्यावर असताना बोलायचं. टेम्पोत चढलेल्या कपाटाला तत्त्व नसतं.

शेवटी तिढा टेम्पोवाल्याने सोडवला. ‘पाच हजार तुम्ही पाठवा साहेब, साडेतीन हजार मी काकांना पाठवतो. मला उद्या द्या. वर दोनशे.’ त्याच्या फोनवरून साडेतीन हजार आले, टुंग वाजलं, कपाट खराडीला गेलं. मुलाने फी भरलीच, फक्त कंपनीऐवजी टेम्पोवाल्याला, आणि साठ पैसे वाचवले. मला वाटलं नाना त्या टेम्पोवाल्यावर चिडतील. छे! ‘अनोळखी माणसाला साडेतीन हजार उधार दिले त्याने. कमिशन घ्यायलाच हवं,’ म्हणाले आणि त्याला वर चहाला बोलावलं. दोनशे साठ पायऱ्यांचा चढ-उतार केल्यासारखे दमले होते, पण चेहरा महिनाअखेरीस कॅश टॅली झाल्यासारखा.

हमाली आणि टेम्पो मिळून १,८०० झाले होते. ते कोणी द्यायचे यावर एक शब्दही झाला नाही. जुन्या सामानात माल आहे तिथून, आहे तसा उचलायचा, वाहतूक घेणाऱ्याची, ही रीत सगळ्यांना पाठ आहे. दोन टक्क्यांची रीत अजून बसायची आहे, म्हणून एवढा तमाशा.

कलम ५. पूर्वपीठिका

हा वाद फोनातून निघालेला नाही. बाजार समितीत शेतकऱ्याच्या मालाची अडत कोणी भरायची यावर किती वर्षं भांडण चाललं! पट्टीतून हमाली, तोलाई, अडत वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात उरलंसुरलं पडायचं. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते. कपाटाच्या दोनशे रुपयांसाठी आम्ही तर फक्त टेम्पो अडवला.

मनीऑर्डरचं कमिशन पुढे पुढे वीस रुपयांमागे एक रुपया झालं होतं. सरळ पाच टक्के. नाना राजापूरला आजीला दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि कमिशन मुकाट भरायचे. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायची जागा असे, त्यात ‘प्रकृतीस जपावे’ बसवायचे. तिकडे पोस्टमन दारात नोटा मोजून द्यायचा, आजी अंगठा उठवायची आणि त्याला चहा, पोहे आणि वर दोन रुपये. म्हणजे पाठवणाऱ्यानेही भरले, घेणाऱ्यानेही भरले. ‘निम्मे निम्मे’ कोणी म्हणालं नाही. पण ते कपाट नव्हतं, आई होती.

कलम ६. फसवणूक

हे मात्र गंमत म्हणून वाचू नका. जाहिरात टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ‘मी लष्करात आहे, बदली झाली, सामान न बघता घेतो’ असा फोन आला, तर तो लष्करातला नसतो. तो क्यूआर कोड पाठवतो, ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ येत नाहीत, जातात. आम्हालाही आला होता. मी कोड उघडून बसलो होतो. नाना म्हणाले, ‘पैसे भरायला आलेल्या माणसाने चौतीस वर्षांत एकदाही माझ्याकडे तिजोरीची किल्ली मागितली नाही. याला कशाला हवी?’

पैसे घ्यायला पिन लागत नाही. एवढं एक वाक्य फ्रिजवर चिकटवा. माणसाने माणसाकडे यूपीआयवर पैसे मागायची ‘कलेक्ट’ रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, तरी भामटे दुसरी वाट काढणारच. ‘पाठवले’ म्हणून दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. मेसेजही नव्हे. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली की मग कपाट हलवायचं. ‘चुकून जास्त गेले, परत पाठवा’ म्हणणाऱ्याला आधी खातं तपासतो म्हणावं आणि खरंच तपासावं. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात.

कलम ७. परदेशस्थ नातेवाइकांसाठी

अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या भाच्याने गेल्या वर्षी जुनं ट्रेडमिल विकलं. त्यावर दोन वर्षं त्याचे शर्ट वाळत होते. तिकडे पेपालवर ‘मित्र आणि कुटुंब’ म्हणून पैसे पाठवले तर खात्यातून जाणाऱ्या पैशाला फी नाही, पण माल बिघडलेला निघाला तर घेणाऱ्याला दादही नाही. ‘वस्तू आणि सेवा’ म्हणून पाठवले तर फी विकणाऱ्याच्या पैशातून कापतात, बदल्यात घेणाऱ्याला संरक्षण. विकणाऱ्याने ‘मला मित्र म्हणूनच पाठव’ असं सांगणं त्यांच्या नियमात बसत नाही. भाच्याने ते सांगितलं नाही, फी सोसली, किंमत आधीच वाढवून लावली होती. आपल्या घरातला पहिला व्यवहारी माणूस, आणि तो अमेरिकेत.

कलम ८. दर कसा सांगावा

वरच्या सगळ्या गोंधळातून आमच्या घरात आता एक मसुदा तयार झाला आहे. नानांनी तो पासबुकाच्या मागे लिहून ठेवला आहे, अक्षर अजून कॅशियरचं. पुढची जाहिरात त्याबरहुकूम आहे, वाचकांनी ती खरी समजावी:

जेवणाचं सागवानी टेबल, सहा खुर्च्या, पैकी एका खुर्चीचा मागचा पाय डगमगतो (नाना त्यावर बसत नाहीत). किंमत हातात ६,०००. रोख किंवा यूपीआय. कार्ड, वॉलेट, भाडं वगैरेने द्यायचे असतील तर वरचे तुमचे, पॉइंटही तुमचे. नवा फोन घेतला असल्यास दुसऱ्या दिवशी यावे. टेम्पो तुमचा. चहा आमचा.