पहिला भूमिपुत्र

दसरा उलटला की आमच्या पेडण्यात दाराची कडी दोनच कारणांनी वाजते. एक तर जमिनीचा दलाल, नाहीतर नरक चतुर्दशीला जाळायच्या नरकासुराची वर्गणी. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावर विमाने उतरू लागली, तेव्हापासून दलाल बारमाही झाला. तो निदान चपला बाहेर काढून येतो; वर्गणीची पोरे थेट आत.

"काका, औंदा तीस फूट!"

तीसच का, असे मी विचारले.

"दिवचलकार अठ्ठावीस करतात मरे!"

त्याच संध्याकाळी दिवचलीत, म्हणजे डिचोलीत, कुणीतरी काका 'पेडणेकार तीस करतात' हे ऐकून निमूट पावती घेत असणार. नरकासुर किती फुटी होता, हे पुराणात कुठे वाचल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे त्याची उंची शेजारचा तालुका ठरवतो.

"आणि कृष्ण?"

"कृष्ण आमचो धाकलो जातलो."

धाकलो सहा वर्षांचा आहे. त्याच्या खर्चात एक मोरपीस आणि निळ्या रंगाची डबी.

सांगाडा बघायला गेलो. कण्याला लोखंड, बरगड्यांना बांबू, पोटात पेंढा आणि वरून खळीत भिजवलेली रद्दी. छातीचे काम करणारा पोरगा मधूनमधून मोबाईलमध्ये बघून थर चढवत होता. मला वाटले, कुठल्या तरी सिनेमातला राक्षस समोर ठेवला असेल. मागून डोकावलो, तर जिममधला त्याचाच फोटो.

राक्षसाच्या दोन्ही अंगांना फ्लेक्स. एकावर सौजन्य, दुसऱ्यावर शुभेच्छा. दोन्हींवर हात जोडलेला एकच चेहरा, नरकासुराच्या तोंडापेक्षा वीतभर मोठा. त्यातला जळणार कुठला हे परक्या माणसाला सांगावे लागेल.

इथे मला ग्रीकांचा ओडिसियस आठवला. एकडोळ्या पॉलिफीमसच्या गुहेत अडकल्यावर या पठ्ठ्याने आपले नाव 'कोणी नाही' असे सांगितले. राक्षसाचा डोळा फोडल्यावर तो ओरडला, 'कोणी नाही मला मारतोय!' शेजारी म्हणाले, मग झोप. इतकी नामी युक्ती. पण गलबत किनाऱ्यापासून सुटल्यावर ओडिसियसला राहवेना. श्रेय बेनामी जाणार म्हणजे काय? सोबती गप्प बसवत असताना त्याने ओरडून आपले नाव, बापाचे नाव आणि गाव सांगितले. आमच्या फ्लेक्सवर असते ते सगळे, फक्त वॉर्ड नंबर तेवढा राहिला. राक्षसाने त्या तपशिलावर आपल्या बापाकडे, समुद्रदेवाकडे, तक्रार नोंदवली. ट्रॉयहून घरी पोचायला ओडिसियसला दहा वर्षे लागली. वाटेत सोबती सगळे मेले.

आमचा नरकासुरही तसाच खानदानी. हा भूमीचा मुलगा. भौमासुर हे त्याचे नाव पुराणातलेच. म्हणजे ३० जुलै २०२१ रोजी गोवा विधानसभेने जो 'भूमिपुत्र' शब्द विधेयकाच्या नावात बसवला, आणि मूळनिवासी समाजांनी आक्षेप घेताच सरकारला चार दिवसांत वगळू म्हणून सांगावे लागले, त्याचा पहिला धनी हाच. विधेयकात अट होती तीस वर्षांच्या वास्तव्याची, आणि घर अडीचशे चौरस मीटरपर्यंत. वास्तव्य तो युगांच्या हिशेबाने दाखवेल. घराचे मात्र अवघड आहे. सोळा हजार शंभर बायका कोंडून ठेवायच्या म्हणजे बांधकाम थोडे वाढणारच.

त्याचे गुन्हेही ऐकण्यासारखे. अदितीची कुंडले पळवली आणि वरुणाचे छत्र. कुंडलांचे सोडा. वरुणाच्या पुढ्यात हरमल-मोरजीच्या वाळूत आज रांगेने छत्र्या रोवलेल्या दिसतात, आणि त्यांना आपण पर्यटन म्हणतो. शेवटी भूमीनेच सत्यभामेच्या रूपाने त्याला संपवले, अशी एक परंपरा सांगते. पण मरतानाही या गृहस्थाने काय मागितले? माझा दिवस लोकांनी साजरा करावा! पुण्यतिथीचे नियोजन स्वतःच करून गेलेला दुसरा नेता माझ्या माहितीत नाही.

चतुर्दशीच्या आदल्या रात्री अकराला मिरवणूक निघाली आणि पहिल्याच वळणावर विजेच्या तारेशी अडली. बांबूने तार उचलून झाली, वीज खात्याला शिव्या देऊन झाल्या. शेवटी मुकुट कापला. अठ्ठावीस फूट! इतक्यात फोनवर डिचोलीची बातमी आली: त्यांनी नरकासुर टिपरवर उभा केलाय, टिपर धरून उंची तेहतीस. १६ मार्च २०१८ ला खाणी थांबल्या तेव्हा दारात उभ्या राहिलेल्या टिपरांपैकी एखादा असेल. भूमीच्या पोटातून लोखंड उपसणाऱ्या गाडीवर भूमीचा मुलगा! आमची पोरे मात्र टिपर मोजायचा की नाही यावरच भांडत राहिली.

मी वर बघितले. उत्तरेला कॅसिओपियाच्या तारका चढल्या होत्या. आपले रूप सागरकन्यांपेक्षा सरस, अशी फुशारकी ग्रीक कथेतल्या या राणीने मारली. समुद्रदेवाने राक्षस धाडला आणि खडकाला बांधले ते तिच्या मुलीला. राणीला शिक्षा म्हणून खुर्चीसकट आकाशात टांगले. अर्धी फेरी सरळ, अर्धी उलटी. मराठीत आपण तिला शर्मिष्ठा म्हणतो आणि शेजारच्या तिच्या लेकीला देवयानी. वस्त्रांची अदलाबदल झाली एवढ्यावरून जिथे मैत्रिणीला विहिरीत ढकलले गेले, ती गोष्ट.

पहाटे पाचला नरकासुर पेटवला. पोटातले फटाके आधी उडाले, मग जिममधली छाती. कृष्ण बापाच्या खांद्यावर घोरत होता; बापाचा शर्ट निळा झाला होता. त्याच्या झोपेतल्या हातात चक्र दिले, हात दोनदा हलवला. फोटो निघाला. काडी सौजन्यवाल्यांनी लावली.

शर्मिष्ठा तोवर वायव्येला खाली टेकली होती. ग्रीसमध्ये ती उलटी लटकलेलीही दिसू शकते. गोव्याच्या अक्षांशावर तसे होत नाही. खुर्ची उलटायची वेळ आली की ती क्षितिजाआड जाते. आम्हाला राणी दिसते ती बसलेलीच.

घरी आलो. तुळशीपाशी बायकोने कारीट ठेवले होते. पायाखाली फोडले, बी जिभेला लावली. कडू. आत फोव, म्हणजे पोहे, तयार होते, ताकातले आणि रोसातले.

बाहेर पोरे राखेतून लोखंडी कणा ओढून काढत होती. तो भंगारात द्यायचा नाही असे ठरले. वेल्डर म्हणतो, खालून पाच फुटांचा जोड देता येतो.