खोट्या किमतीवरची सूट

अमेरिकेतल्या छोट्या, स्वतंत्र डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर अनेकदा कार्डांची एक गड्डी ठेवलेली असते. औषधांवर 80 टक्क्यांपर्यंत सूट, कार्ड फुकट, विमा असो वा नसो. उचला आणि फार्मसीत दाखवा. ज्याच्याकडे विमा नाही त्याने ते जरूर उचलावं. माझा राग कार्डावर नाही. कार्ड पुढे करताच जी किंमत एवढी कोसळते, त्या किमतीवर आहे. ती मुळात खरी नव्हतीच.

ती आली कुठून? विमा कंपनी, औषध कंपनी आणि फार्मसी यांच्या मधोमध पीबीएम (फार्मसी बेनिफिट मॅनेजर) नावाचे दलाल बसले आहेत. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांच्या हातून देशातली जवळपास 80 टक्के प्रिस्क्रिप्शनं जातात. फार्मसीला कुठल्या औषधाचे किती मिळणार, ते यांच्या करारांवर ठरतं. करार गुप्त. त्यामुळे फार्मसीवाला आपली नेहमीची किंमत चढी ठेवतो. कमी ठेवली तर दलाल त्याहूनही कमी देईल ही धास्ती. ही चढी किंमत पूर्ण भरायची कुणी? ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याने.

आता कार्डाकडे या. त्यावरचे आकडे म्हणजे याच दलालांच्या संगणकात शिरायची वाट. फार्मासिस्ट ते टाइप करतो, ठरलेला दर पडद्यावर येतो, पेशंट सुटकेचा श्वास टाकतो. मग फार्मसी या व्यवहारापोटी दलालाला फी देते आणि दलाल त्यातला वाटा कार्ड कंपनीला देतो. म्हणजे झळ सोसायची फार्मसीने, दुवा मिळायचा कार्डाला. कोपऱ्यावरच्या एकट्या फार्मसीवाल्याला कधी कधी ते औषध तोट्यात द्यावं लागतं. शिवाय विमा असलेल्याने कार्ड वापरलं तर ते पैसे सहसा त्याच्या डिडक्टिबलमध्ये, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतःच्या खिशातून भरायच्या रकमेत, धरले जात नाहीत. हे गड्डीतल्या किती कार्डांवर ठळक छापलेलं असतं?

आणि फुकट म्हणाल, तर 2023 चा फेब्रुवारी आठवा. या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावावर, गुडआरएक्सवर, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की लोकांची औषधांची माहिती फेसबुक आणि गुगलसारख्या जाहिरात कंपन्यांकडे गेली. कंपनीने चूक कबूल केली नाही, 15 लाख डॉलरांचा दंड मात्र भरला.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचं. औषधं खरोखर स्वस्तात मिळावीत म्हणून अमेरिकेत 1992 पासून कायदा आहे. त्याचं नाव 340बी. गरीब वस्तीतली सरकारी अनुदानाची केंद्रं आणि ठरावीक हॉस्पिटलं यांना औषध कंपन्यांनी मोठी सवलत द्यायची. 2023 मध्ये या योजनेतून 66 अब्ज डॉलरांहून अधिक किमतीची औषधं खरेदी झाली. त्याच वस्तीत एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरला त्यात जागा नाही. पेशंट तोच, गरिबी तीच. दारावरची पाटी वेगळी म्हणून सवलत नाही. त्यातही हॉस्पिटलने मिळालेली सवलत पेशंटपर्यंत पोचवलीच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. हा कायद्याचा दोष आहे आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

काही डॉक्टरांनी यातून स्वतःच वाट काढली आहे. डायरेक्ट प्रायमरी केअर म्हणतात तिला. विमा कंपनीशी संबंध नाही, पेशंट महिन्याला ठरावीक वर्गणी देतो. यातले बरेच डॉक्टर मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, लिसिनोप्रिल अशी रोजची जेनेरिक औषधं घाऊक भावात आणून दवाखान्यातच देतात. इथे ना कार्ड लागतं, ना दलाल. पण टेक्साससारख्या राज्यात डॉक्टरने औषध विकायला जवळपास मनाई आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये सर्वसाधारणपणे 72 तास पुरेल एवढंच देता येतं. डॉक्टर नफ्यासाठी नको ती औषधं लिहील, ही भीती खोटी नाही. पण त्यावर खरेदीचं बिल पेशंटला दाखवायची सक्ती करता येते. उद्योजक मार्क क्यूबन यांची कॉस्ट प्लस ड्रग्ज कंपनी 2022 पासून हेच करते: खरेदी किंमत, त्यावर 15 टक्के, फार्मसीची फी आणि टपालखर्च, सगळं उघड मांडलेलं.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. अमेरिकेतल्या दहांतल्या नऊ प्रिस्क्रिप्शनांवर जेनेरिक औषध दिलं जातं आणि त्यातला मोठा वाटा भारतातून जातो. गोव्यात वेर्ण्याला ल्युपिन आणि सिप्लाचे कारखाने त्या बाजारासाठी गोळ्या बनवतात. आपल्याकडे त्या गोळ्यांच्या पाकिटावर एमआरपी असते. ती फुगवलेली असते, मान्य. पण निदान वाचता येते. तिकडे फार्मसी ज्या नारिंगी डबीत गोळ्या देते, तिच्यावर कमाल किंमतच नसते.

तेव्हा न्यू जर्सीला किंवा डॅलसला मुलांकडे सहा महिन्यांसाठी निघालेल्या आईबाबांना सांगणं आहे. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या पुरेशा न्या आणि त्यांची जेनेरिक नावं कागदावर लिहून घ्या. इथल्या डॉक्टरची चिठ्ठी तिकडे चालत नाही आणि प्रवासविम्यात जुनी दुखणी बहुधा वगळलेली असतात. गोळ्या संपल्याच, तर मुलाला स्वतंत्र डॉक्टर शोधायला सांगा. आणि फार्मसीत पैसे देण्याआधी विचारा, याहून कमी दर आहे का? पूर्वी काही करार फार्मासिस्टचं तोंड बांधून ठेवत. ऑक्टोबर 2018 च्या कायद्याने ती बंदी उठली आहे.