फियाट बघायला जाताना

जुनी गाडी घेताना शहाणपण वापर, असं सगळे सांगतात. शहाणा माणूस मुळात प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, शोधायला निघेलच कशाला? कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची थांबली त्याला दोन तपं उलटली. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. आणि तिच्या टॅक्सीत बसताना नाक मुरडणारेच आता ‘एखादी चांगली असेल तर सांगा’ म्हणत फिरतात.

तर खिशात लोहचुंबक ठेवावं. मऊ फडक्यात गुंडाळून ते दाराच्या खालच्या कडेवरून, मडगार्डवरून फिरवावं. चिकटेना झालं की समजावं, इथं पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. रंग नवाकोरा असेल तर जरा जास्तच फिरवावं. मग मॅट उचलावी. काही गाड्यांत तिथून थेट जमीन दिसते, आणि मालक म्हणतो, “तेवढं चालतं हो!” १०८९ सीसीच्या इंजिनाला मात्र भिऊ नये. निळा धूर सोडत असेल तर ते ऑइल पितंय. मेकॅनिक इंजिन उघडेल, रिंगा बदलेल, बिल देईल, विषय संपेल. गंजाचा विषय संपत नाही.

पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर सकाळची धक्कापरेड आपण यायच्या आधीच उरकलेली असते.

आरसी बुकातला चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघावा. जुळत नसेल तर चहा पिऊन निघावं. पन्नाशी उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा मानाचा नंबर घेता येतो. मात्र मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला न्यावी, रोजच्या कामाला नाही. म्हणजे पंपावर जायला परवानगी, मंडईत जायला नाही!

‘सगळे पार्ट आहेत, फक्त जोडायचेत’ असली खोक्यांतली गाडी तर मुळीच घेऊ नये. आपल्यासारख्याच कुणा वेड्यानं आधीच पैसे ओतून उभी केलेली घ्यावी. त्यानं ओतलेलं सगळं विकताना कधीच वसूल होत नाही. असा मालक ओळखू येतो. किंमत सांगायच्या आधी तो विचारतो, “ठेवणार कुठं? वर छप्पर आहे ना?” त्याच्याशी घासाघीस बेतानंच करावी. त्याला गाडी न विकण्याचं निमित्तच हवं असतं.