पाच सुरांची मैफल

आपल्याकडे गाणं शिकणाऱ्या मुलाला पहिली काही वर्षं लोकांपासून, आणि लोकांना त्याच्यापासून, जपून ठेवायची रीत आहे. पलटे घोटायचे, अलंकार घोटायचे. ‘आता कुठे सा लागायला लागलाय’ एवढं गुरुजी म्हणाले, की घरात पेढे. अमेरिकेतल्या शाळांचा कारभार नेमका उलटा. इथे चौथी-पाचवीतल्या पोराच्या हाती सप्टेंबरात भाड्याचं वाद्य येतं आणि बऱ्याच शाळांत नोव्हेंबरात ते पोर पांढरा शर्ट, काळी पँट घालून स्टेजवर उभं. मध्ये मोजून सहा-आठ आठवडे. त्यातलाही एखादा तास वाद्याची पेटी सुलटी ठेवून मगच उघडायची, हे शिकण्यात जातो.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात लेकीने क्लॅरिनेट आणलं. नवशिक्याच्या हाती क्लॅरिनेट वाजत नाही, किंचाळतं. बोटाने भोक पुरतं झाकलं गेलं नाही की किंचाळतं, रीडवर ओठ जरा जास्त आवळले की किंचाळतं. शेजारच्या मुलाने ट्रॉम्बोन घेतला. त्याच्या नळीच्या सात जागा. सातवीपर्यंत दहा वर्षांच्या मुलाचा हातच पोचत नाही, त्यामुळे तो सूर बापडा अजून सुरक्षित आहे. बासरीवाल्यांना आधी नुसता फुंकायचा तुकडा देतात आणि तेवढ्यानेही त्यांना गरगरतं. व्हायोलिनवाल्यांच्या पट्टीवर बोटं कुठे टेकवायची त्याच्या रंगीत फिती, आणि सुरुवातीला तारा नुसत्या बोटाने छेडायच्या. गज नंतर. ज्याने कुणी हा क्रम ठरवला, त्याला मुलाबाळांचा अनुभव असला पाहिजे. ड्रम तर प्रत्येकालाच हवा असतो. ज्यांना मिळतो त्यांच्या वाट्याला घरी सरावाला रबराची चकती येते.

मग एवढी घाई कशाला? कारण मुलं सोडतात ती याच दिवसांत. वाजवता येत नाही म्हणून सोडतात, आणि वाजवता येण्यासाठी न सोडणं भाग असतं. या कोंडीवर इथल्या संगीतशिक्षकांनी काढलेला तोडगा मला फार धूर्त वाटतो: टाळ्या आधी द्यायच्या, कला मागाहून वसूल करायची. अशा पहिल्या कार्यक्रमासाठी निवेदनाची संहिताही तयार मिळते. मुख्याध्यापक ती वाचतात, एकेक वाद्य उभं राहतं, आपला एक सूर ऐकवतं आणि पालक जणू तानेवर तान पडल्यासारखी दाद देतात.

शाळेत मुलांना असं एकत्र वाद्य शिकवणंही इथलं नव्हे; गटाने व्हायोलिन शिकवायची टूम मुळात इंग्लंडमधली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंटमधल्या मेडस्टोन गावच्या शाळेत ती सुरू झाली. वाद्यं पुरवणारी मरडॉक कंपनी, पैसे थोडे थोडे भरायचे. पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुलांनी एकत्र व्हायोलिन वाजवलं. (श्रोत्यांचं काय झालं ते सोडून देऊ.) 1910 च्या सुमारास बॉस्टनचे संगीतशिक्षक अल्बर्ट मिचेल ते वर्ग बघून आले आणि त्यांनी अमेरिकेत तसे वर्ग चालवले. म्हणजे कलेच्या प्रसाराला दुकानदाराचा हातभार पहिल्यापासून आहे. आमचं क्लॅरिनेटचं मासिक भाडं हे त्या परंपरेचंच ऋण असं मानून मी भरतो.

आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला पुण्याहून आलेली आई होती. सवाई गंधर्व महोत्सवात तिने कित्येक रात्री जागवल्यात, मला धाकधूक. सरांनी छडी उचलून ‘बी फ्लॅट’ असं सांगितलं. माझी लेक त्याच सुराला ‘सी’ म्हणते, सॅक्सोफोनवाला ‘जी’ म्हणतो, आणि शेवटी सगळ्यांनी एकच सूर लावायचा असतो. लागला की नाही हे नक्की सांगता यायचं नाही, पण त्याच्या आसपासचे बहुतेक सगळे लागले.

शेवटी बेटोव्हन. 1824 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजलेल्या त्याच्या नवव्या सिंफनीतली आनंदगीताची चाल. ती शेजारशेजारच्या पाच सुरांत जवळजवळ बसते, आणि नवशिक्या मुलाला पहिले येतात तेही पाचच. एके ठिकाणी मात्र चाल खाली उतरते. तिथला अवघड सूर मुलांच्या पुस्तकांत बरेचदा गुपचूप गाळलेला असतो. ती रचना झाली तेव्हा बेटोव्हनला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. त्या संध्याकाळी तो आमच्या शेजारी बसला असता, तर ते त्याच्या पथ्यावरच पडलं असतं.

आजूबाजूला सगळे आईबाप मोबाइल उंचावून आपापल्या वाद्यापुरतंच ऐकत होते. असे श्रोते रविशंकरांनाही मिळाले नसतील. चाल संपली; म्हणजे आधी ट्रम्पेटांची संपली, मग बासऱ्यांची, आणि थोड्या वेळाने ट्रॉम्बोनचीही. आई माझ्या कानाशी म्हणाली, “सम मात्र प्रत्येकाने आपापली गाठली हो.” आणि उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

बाहेर आल्यावर तिने नातीला जवळ घेतलं. “छान वाजवलंस गं. शेवटची ओळ तर फारच गोड.”

“आजी, शेवटची ओळ मी वाजवलीच नाही. रीड तडकली होती. नुसती बोटं हलवत होते.”

“तेही यावं लागतं,” आई म्हणाली. “आमच्या भजनी मंडळात निम्म्या जणी वर्षानुवर्षं तेवढंच करतायत.”